चार मालकांची सोन्याची खाण

ती सोन्याची खाण मला अजून जशीच्या तशी आठवते. वाशीम जिल्ह्यात सोनं निघत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी धनजकडच्या एका खडकाळ पडिताला तीन वर्षांत चार मालक लाभले होते.

मी तेव्हा कारंज्याच्या ठाण्यात फौजदार होतो. खबर दिली तिथल्याच एका दस्तलेखकानं. "सायेब, त्याच पडिताचं खरेदीखत पुन्हा लिहून राह्यलो. दर वेळी इकनारा पयल्यापेक्षा घाईत असते."

नोंदणी सोमवारी होती. घेणारी बाई शिवणकाम करणारी, एकटी. पडिताच्या बदल्यात ती आपलं दुकान देणार होती, आणि तिचं पोट त्याच दुकानावर होतं. मी तिला ठाण्यात बोलावलं तर ती माझ्यावरच उखडली. "म्या माह्या डोयानं सोनं पायलं. तुमाले काहून टोचून राह्यलं?"

मला रागही आला आणि तिची काळजीही वाटली. मग सराफ्यातली झारेकरीण आठवली. सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, धुवायचा आणि त्यातले सोन्याचे कण काढायचे, हा त्या म्हातारीचा पिढीजात धंदा. शनिवारी सकाळी तिला, दोन पंचांना आणि त्या बाईला घेऊन मी जागेवर गेलो.

म्हातारीनं खड्ड्यातली माती परातीत धुतली. तळाशी खरंच सोनं चमकलं. बाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच चोर.

म्हातारीनं मात्र एक लालसर खडा नखानं टोकरला. "हे लाख हाय, बाई. हा कोयसा. अन् सोनं पाय, कानशीचा कीस हाय. धरती कानस कायले मारन? हा सोनाराच्या दुकानातला केर हाय."

बाईनं परात ओढून घेतली आणि तो कीस स्वतःच बोटानं चाचपून पाहिला. मी पंचनामा केला.

दुपारी विकणाऱ्याला आणलं. तासभर तो खाणीचे गोडवे गात होता. मी तो कीस कागदावर घेऊन त्याच्यासमोर ठेवला आणि गप्प बसलो. चौकशीत गप्प बसण्यासारखं हत्यार नाही. शेवटी तो चिडून म्हणाला, "मंग मले तरी कोनी सांगतलं होतं काय?"

तिथंच प्रकरण फुटलं. तोही फसला होता, त्याच्या आधीचे दोघेही. प्रत्येकानं तोंड मिटून ती खाण पुढच्याच्या गळ्यात बांधली होती. केराची पोती पुरणारा पहिला मालक संध्याकाळपर्यंत हाती लागला. मधल्या दोघांनाही आणून चौघांना एकाच बाकावर बसवलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

गुन्हेगार शोधणं त्या मानानं सोपं असतं. फसलेल्या माणसाकडून तसं कबूल करून घेणं फार अवघड, हे मी त्या दिवशी शिकलो. फसलेल्या तिघांपैकी एकानं जरी वेळीच तोंड उघडलं असतं, तर पुढचा वाचला असता.

त्या बाईनं फिर्याद दिली. लेखनिक सुरुवात कशी करू म्हणून विचारत होता. ती चौघांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "लिवा. मी फसत होती."

सोमवारी तिनं दुकान रोजच्या वेळी उघडलं.