लोणावळ्याच्या पुढं

माझे वडील रेल्वेत होते म्हटलं की लोक म्हणतात, मग तुम्ही सगळा देश पाहिला असेल. डोंबल! वडील बँकरवर होते. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, तो बँकर. गाडी लोणावळ्यापर्यंत ढकलायची, तिथं सुटायचं आणि रिकामं खाली यायचं. मद्रासच्या गाड्या त्यांनी उभा जन्म ढकलल्या, पण स्वतः लोणावळ्याच्या पुढं पाऊल टाकलं नाही. पास मिळायचे, ते कल्याण-दादरच्या लग्नांत संपायचे.

रिटायर झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, आता पलीकडचा, मद्रासचा समुद्र बघायचा, तोही सायकलवर. गाडीनं का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, ढकलायची सवय लागलेला माणूस आत बसून करणार काय? त्यांचं म्हणणं, रुळांच्या कडेनं गँगमनची पायवाट असते. रूळ मद्रासला जातात, तर पायवाटही जाणारच, चुकायचा प्रश्नच नाही. त्यांना एकट्याला सोडायला आई तयार होईना, म्हणून ही धोंड माझ्या गळ्यात आली. मी तेव्हा खोपोलीच्या कारखान्यात होतो. महिनाभराची बिनपगारी रजा मागताना साहेबापुढं मला घाम फुटला.

मग रोज संध्याकाळी ओटीवर टाइमटेबल उघडून बसायचं. पुणं, दौंड, सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल, सगळं त्यांना तोंडपाठ. पण रायचूरला उतरायचं कुठं, तिथली माणसं कोणती भाषा बोलतात, असलं काही विचारलं की ते पंक्चरच्या सामानाकडं वळायचे. सोल्यूशन किती, पंप कुणाचा, ब्रेकचे रबर नवे घालायचे का. माझी चिडचिड व्हायची. अहो, सायकल काय, ढकलत नेऊ, पण जायचंय कुठं ते तरी बघा! ते हसायचे आणि चेनला तेल द्यायचे.

समुद्र ते समुद्र जायचं, तर सुरुवात समुद्रापासूनच हवी, म्हणून आदल्या रविवारी आम्ही पनवेलच्या खाडीत पाय बुडवून आलो. खाडी म्हणजे समुद्र नव्हे, असा आळीत वाद निघाला. वडिलांनी पाणी चाखून बघितलं होतं. खारट ते समुद्राचं, विषय संपला.

निघायच्या दिवशी अख्खी आळी गोळा झाली. आईनं दोघांना ओवाळलं, सायकलींच्या चाकांना हळदकुंकू लावलं. शेजारच्या म्हातारीनं पलीकडच्या समुद्रातले शंख मागितले. वडील नव्या शर्टात नवरदेवासारखे अवघडून उभे होते. एवढा गाजावाजा करू नका, असं मी सांगत होतो, पण ऐकतंय कोण!

कर्जतहून खोपोलीपर्यंत मजेत गेलो. रुळांच्या कडेची वाट खरंच चांगली होती, भात कापलेल्या शेतांत वाल उगवून आला होता आणि वडील पुढं, मी मागं. घाटात बोगदे, तिथं पायवाट नाही, म्हणून मोटाररस्त्यानं सायकली हातात धरून चढलो. माझा जीव मेटाकुटीला आला. वडील मात्र गाणं गुणगुणत होते. त्यांना इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं.

लोणावळ्याला स्टेशनाबाहेर चहा घेतला. माझा कप संपला, त्यांचा निवला. चला, मळवलीपर्यंत उजेड आहे, असं म्हणत मी उठलो. तेही उठले, सायकल धरली आणि आलो त्या दिशेला वळवली.

मला वाटलं, चुकले. म्हटलं, बाबा, पुणं तिकडं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "पर मला हितनं पुढचं जमत नाय रं."

आधी मी समजावलं, मग संतापलो, आळीसमोर काय तोंड दाखवणार ते विचारलं. नुसतं पुढच्या स्टेशनापर्यंत चला, वाटलं तर तिथून परत फिरू, अशी गयावयाही केली. ते दहा-वीस पावलं आले देखील. मग रस्त्याच्या कडेला बसले. एकटा पुढं जा म्हणाले. त्यांना तसं टाकून मी कुठं जाणार होतो? उतारावर त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आईनं आमच्या तोंडाकडं पाहिलं आणि पाणी आणून दिलं. पण आळी कुठली गप्प बसायला! जो तो ओटीशी येऊन उभा. शेजारच्या म्हातारीनं सगळ्यांदेखत विचारलंच, काय झालं, परत का आलात?

वडील खाली मान घालून पायांवर पाणी ओतत होते. पाणी संपलं तरी तांब्या तसाच धरून होते.

"पोराच्या रजेचा घोळ झाला," ते म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वडिलांनी मात्र मान वर केली नाही.

"होय," मी म्हटलं, "साहेबानं मागनं निरोप पाठवला. मलाच परत फिरावं लागलं."