मायचं फुप्फुस आणि माझा अर्ज

मी सिंदेवाहीत एका खाजगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. बरीच वर्षं तेच करते आहे, त्यामुळे छापील रिपोर्टवर माझा पटकन विश्वास बसत नाही. गर्दीच्या दिवशी दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि चिठ्ठी लावताना कुणी हाक मारली, तर काय होतं ते मी जाणते. माझ्याही हातून एकदा होता होता राहिलं होतं. तेव्हापासून मी रिपोर्ट वाचायच्या आधी रिपोर्ट देणाऱ्याचं तोंड वाचते.

माय राहते गडचिरोलीच्या जंगलातल्या आमच्या गावात. गावाच्या मधून डोंगरावरच्या लोखंडाच्या मातीचे ट्रक जातात. दिवसभर जातात. भांडी पालथी ठेवली तरी त्यांच्यावर लाल थर बसतो, आणि वाळत घातलेलं पांढरं लुगडं दुपारपर्यंत पांढरं राहत नाही. मायचा कोरडा खोकला वाढला, चढावर तिला धाप लागायला लागली, तेव्हा कारण शोधत बसायची मला गरजच वाटली नाही. कारण दारासमोरून जात होतं.

गावानं अर्ज करायचं ठरवलं. ट्रक झाकून न्यावेत, रस्त्यावर पाणी मारावं, गावकऱ्यांच्या छातीची तपासणी व्हावी. शिकलेली म्हणून अर्ज मी लिहिला. पहिलं नाव मायचं टाकलं आणि सोबत तिच्या एक्स-रेची झेरॉक्स जोडली. मला त्या अर्जाचा फार अभिमान होता.

मग तिला नागपूरला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. स्कॅन झालं, दुर्बीण घालून फुप्फुस धुतलेलं पाणी तपासायला गेलं. आठवड्यानं आम्ही परत गेलो. मायला श्वासाच्या तपासणीसाठी शेजारच्या खोलीत नेलं, तेवढ्यात डॉक्टरांनी मला समोर बसवलं. फुप्फुसाचा खालचा भाग घट्ट होत चाललाय, म्हणाले. मी ट्रकचं सांगायला तोंड उघडलं, तर हा माणूस मलाच विचारतो, "जेवण झाल्यावर आई काय करतात?"

मला तिथंच शंका आली. धुळीचं विचारायचं सोडून जेवणाचं कशाला विचारतोय? त्यांच्या मागच्या भिंतीवर एका सिमेंट कंपनीचं कॅलेंडर होतं. झालं, हा कंपन्यांचाच माणूस, असा माझ्या मनात हिशेब जुळला. तसलंच कॅलेंडर माझ्या स्वयंपाकघरातही लटकत होतं, हे तेव्हा आठवलं नाही.

"त्या पाण्यात पित्ताम्लं सापडली आहेत," ते म्हणाले. "पित्त पोटातून वर येतं आणि त्याचा थोडा थोडा अंश श्वासनळीत उतरतो. कळतही नाही."

पित्त! आमच्याकडे डोकं दुखलं की पित्त, झोप नाही आली की पित्त. गरीब बाई दिसली की कुणीही पित्ताची गोळी देऊन वाटेला लावतो. मी म्हटलं, "तिच्या छातीत जळजळ अजिबात नाही."

"आई ॲसिडिटीची गोळी घेतात ना? त्यानं जळजळ थांबते. पित्त वर यायचं थांबेलच असं नाही."

पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. पित्ताम्लांना ओळखणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, यकृतात आणि आतड्यात असतात, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते फुप्फुसाच्या पेशींवरही असतात म्हणे. पित्त तिथं पोचलं की ते जागे होतात. त्यांतले काही सूज उतरवायला मदत करतात असं दिसतं, तर काहींमुळे सूज आणि जखम भरून येण्याचं काम वाढतच जातं आणि फुप्फुस कडक होतं, असं वाटतं. "पूर्ण उलगडा अजून झालेला नाही," डॉक्टर म्हणाले. "धुळीचा त्रास नाही असंही मी म्हणत नाही. फुप्फुसासाठी गोळ्या देतोच. पण पित्त वर येऊ न देणं आपल्या हातात आहे."

एकाच तोंडानं हेही आणि तेही बोलणारा माणूस मला आणखीच संशयास्पद वाटला. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं: खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, जेवल्यावर तीन तास वाकू नका, आडवं होऊ नका. मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

मायला सांगितलं, "गोळ्या दिल्या. धुळीचंच आहे."

खरं सांगायचं तर मला त्या डॉक्टरवर विश्वास नव्हता, हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं हे की खोकला पित्ताचा आहे ही गोष्ट गावात फुटली असती, तर माझ्या अर्जाचं काय झालं असतं? पहिलंच नाव गळलं असतं. मला ते नको होतं.

त्यानंतर मोहफुलांचे दिवस आले. माय पहाटे भांडंभर पेज पिऊन निघायची आणि झाडाखाली चार-चार तास कमरेत वाकून फुलं वेचायची. जन्मभर तिनं तसंच केलं होतं. मी दोन दिवस तिच्यासोबत वेचलं. ती वाकली की खोकायची, सरळ झाली की थांबायची. मी हे डोळ्यांनी पाहत होते आणि पलीकडच्या ट्रकचा आवाज ऐकत होते.

मग तिला मी सिंदेवाहीला घेऊन आले. इथं ट्रक नाहीत, खोकला कमी झाला की डॉक्टर खोटा ठरला, असा माझा डाव होता. खोकला कमी झाला नाही. रिकामं बसवत नाही म्हणून माय जेवण झालं की फरशी पुसायची, अंगणातलं गवत उपटायची, मग आडवी व्हायची. मी तिला थांबवलं नाही. मी जवळच्या राइस मिलच्या कोंड्यावर संशय घेतला आणि खिडक्या बंद केल्या.

पावसाळा संपल्यावर नागपूरला दुसरं स्कॅन झालं. या वेळी माय माझ्या शेजारीच बसली होती. घट्टपणा वर सरकला होता. डॉक्टरांनी थेट तिलाच विचारलं, "आजी, खाटेखाली विटा ठेवल्या ना?"

"कायच्या विटा?" माय म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग मायनं पाहिलं. मी पर्समधून कागद काढला. घडीवर तो फाटत आला होता. डॉक्टरांनी तो मायला शांतपणे वाचून दाखवला.

बाहेर बाकावर बसून मी मायला सगळं सांगितलं, अर्जासकट. तिनं श्वास गोळा केला.

"पेज पिऊन वाकू नको, एवढंच तर सांगाचं होतं. काऊन नाई सांगतलं?"

"अर्ज..."

"अर्ज गावाचा व्हता. छाती तं माही व्हती ना?" ती थांबली. "धूळ खोटी नाई. तो कागदबी लावाचा होता अर्जाले. तू ठरवनारी कोन?"

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण जे घट्ट झालं ते परत मऊ होत नाही, हे मला कळत होतं.

अर्ज मी एक्स-रे आणि डॉक्टरांचा कागद, दोन्ही जोडून पुन्हा दिला. त्याचं उत्तर आलेलं नाही. मायच्या खाटेखाली विटा आहेत. ती आता बसून वेचता येईल तेवढंच वेचते आणि घरी आल्यावर पेज पिते. नागपूरला तिला अजून मीच नेते, तिकीट मीच काढते, फाइल मीच धरते. पण नाव पुकारलं की ती फाइल माझ्या हातातून घेते.

"तू बाहेर बस," म्हणते, आणि आत जाऊन दार लावून घेते.