परत परत येणारा बाबासूट

निळा बाबासूट दुसऱ्यांदा परत आला तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पोळा तोंडावर आला होता. गावंडे बाबू गर्दीतून वाट काढत काउंटरपाशी आले आणि पिशवी माझ्यापुढे सरकवून हळूच म्हणाले, "वहिनी, हा राहू द्या."

"आता काय झालं? काल लहान होतो म्हणालात, म्हणून मोठा नंबर दिला."

"आता मोठा होतो."

"गावंडे बाबू, काल लहान, आज मोठा. घरी पोरगं आहे की रबर?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. बाबू हसले नाहीत. तहसील ऑफिसात काम करणारा, इस्त्रीच्या कपड्यातला, दोन शब्द बोलायलाही वेळ लावणारा माणूस. माझ्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, ओळखीचे, म्हणून मी वहिनी. त्यांनी पैसे परत घेतले आणि खाली मान घालून निघून गेले. मी चिडले. सीझनमध्ये एक पीस एक-दोन दिवस कोणाच्या घरी फिरून आला, म्हणजे तेवढे दिवस तो विकला गेला नाही. सीझन संपला की तोच पीस डेड स्टॉक होतो, म्हणजे कपाटात पडून धूळ खातो.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नागपूरजवळच्या सौंसरच्या बाजारात माझं लहान मुलांच्या रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं. सुरुवात मी घरी झबली-टोपडी शिवून केली. मग नागपूरच्या होलसेल बाजारातून फ्रॉक आणि बाबासूट आणायला लागले. बाबासूट म्हणजे लहान मुलाचा शर्ट आणि हाफ पँट एकाच कापडाची, खिशावर एखादं बदक नाहीतर मोटारगाडी. जवळच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेकीची जत्रा, तिथे बाजार बंद. आमच्याकडे त्याच दिवशी तान्हा पोळा. लेकरं नटूनथटून लाकडी बैल ओढत निघतात आणि घरोघर बोजारा मागतात, म्हणजे खाऊ आणि चिल्लर. बोजाऱ्यात लेकराला काय मिळालं यापेक्षा लेकराच्या अंगावर काय होतं याची चर्चा बायकांत जास्त दिवस चालायची. माझं दिवाळीआधीचं अर्धं पोट त्या एका दिवसावर भरायचं.

आईबाप कपडे कसे घेतात हे मला विचारा. बाप बाहेरूनच विचारतो, "केवढ्याले?" आई कपडा उलटा करून आतली शिलाई बघते, शिवण दोन्ही हातांनी ताणते आणि मग नाक मुरडते. लेकराला बदक हवं असतं. त्याला कोणी विचारत नाही. वय विचारलं तर तीन सांगतात आणि माप पाचाचं मागतात, कारण कपडा पुढच्या पोळ्यालाही पुरला पाहिजे. म्हणून सौंसरचं निम्मं बालपण बाह्या दुमडलेल्या शर्टात गेलं. हे सगळं मला पाठ होतं. गिऱ्हाईक पायरी चढताना बघून काय घेणार ते मी सांगायची, आणि सहसा चुकायची नाही. गावंड्यांचा मात्र अंदाज येईना. माप बरोबर होतं, रंग बायकोने निवडलेला, भाव बाबूंना मान्य. मग कपडा परत का येतोय?

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान रिकामं असताना, बाबूंची बायको सुनंदा आली. कडेवर पोरगं. तीन वर्षांचं, गोरंगोमटं, डोळे टपोरे. अंगात मात्र विटक्या रंगाचा कोणा मोठ्या मुलाचा शर्ट, खांद्यावर ठिगळ. मला नवल वाटलं. सुनंदाची साडी चांगली, बाबूंना सरकारी पगार, आणि एकुलत्या एक लेकराची ही दशा?

"बाई, यायनं तुमाले खरं नाई सांगतलं," ती म्हणाली. "माप बरोबर हाय. सासूबाई घालू देत नाई."

"का? रंग आवडला नाही?"

"नवा हाय म्हून."

मग तिने सगळं सांगितलं. कडेवरच्या या धोंडूच्या आधी तिची दोन लेकरं गेली होती. एक वर्षाचं होऊन, एक त्याच्याही आत. जुन्या लोकांत रीत होती की लेकरं जगत नसलेल्या घरात पुढचं मूल आपलं आहे असं दाखवायचं नाही. नाव दगडाधोंड्याचं ठेवायचं. कपडे पाच घरचे मागून आणायचे. पाच वर्षं अंगाला नवा धागा लावायचा नाही. म्हणजे दृष्ट लागत नाही, आणि नेणाऱ्याला वाटतं, हे कोणाचं तरी टाकलेलं पोर आहे, याला नेऊन काय करायचं.

"मी मानते बाई," सुनंदा म्हणाली. "मलेही भ्याव वाटते. पण मागच्या साली तान्ह्या पोळ्यात एका बाईनं याले भिकाऱ्याचं पोरगं समजून दारातून हाकललं. तिथं बाकीचे लेकरं होते, त्यायले बोजारा देल्ला. हा बैल धरून तसाच उभा. एवढंसं तोंड झालं होतं याचं. यंदा मले तसं नाई पाह्यचं."

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण मी लेकरू गमावलेलंही नव्हतं, त्यामुळे तिच्यासमोर शहाणपण शिकवायची माझी हिंमत झाली नाही. धोंडू काउंटरवरच्या निळ्या सूटच्या खिशावरल्या बदकाकडे बघत होता. मी म्हटलं, "एवढंच ना? ठेवा माझ्यावर."

मला हा प्रश्न सोपा वाटला. नवा चालत नाही, तर जुना करून देऊ. जुन्याचं नवं करणं कठीण, नव्याचं जुनं करायला काय लागतं? मी तो सूट घरी नेला, दोनदा धुतला, उन्हात वाळवला. मग माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या अंगात घातला आणि तिला अंगणात सोडलं. तासाभरात गुडघ्याला माती, छातीवर पेरूचा डाग. तो तसाच घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबू आले. मी सांगितलं, "हा माझ्या मुलीच्या अंगचा उतरलेला आहे. घरी बेलाशक तसं सांगा." बाबूंनी सूट पाहिला आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. पैसे काढले.

"उतरलेल्याचे कसले पैसे?" मी म्हटलं.

"नाही वहिनी. फुकटाचं मी काही नेत नाही." पुऱ्या भावाचे पैसे ठेवूनच गेले.

त्या रात्री मी मालकांना सांगितलं की धंद्यात डोकं असलं की सगळं जमतं.

सकाळी सूट तिसऱ्यांदा परत आला. या वेळी घेऊन आली होती म्हातारी स्वतः. मोहगावच्या बाजूची, उंच, नऊवारी नेसलेली, हातात काठी. मागे पायरीवर धोंडूला घेऊन सुनंदा. पोळ्याचा आदला दिवस, दुकान खचाखच भरलेलं. म्हातारीला बघून बायका आपोआप बाजूला झाल्या.

"दुकान कोनाचं हाय?"

"माझं, आजी."

तिने सूट काउंटरवर पसरला. मातीच्या डागावर बोट ठेवलं. "नव्याचा जुना केला. हुशार हायस बाई. पन दाम घेतला का नाई?"

"घेतला."

"मंग इकतचंच झालं ना! लेकराच्या अंगाले इकतचं नाई पाह्यजे. मांगून आनलेलं पाह्यजे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी नवं-जुनं करत बसले होते. म्हातारीचा हिशेबच वेगळा होता. तिला विकत की मागून, एवढंच पाहायचं होतं.

"मग असाच घेऊन जा, आजी. मी पैसे परत देते. फुकट न्या."

"फुकट कायले? फुकट घेतलं त मानूस खुश होते. मांगतलं त मान खाली जाते. मान खाली गेली पाह्यजे, बाई."

एवढ्यात बाबू धावत आले. कोणीतरी ऑफिसात जाऊन सांगितलं असावं. घामाघूम झाले होते. "आई, घरी चल. लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

"मी सरकारी नोकर आहे. माझी आई बाजारात भीक मागते, असं म्हणतील लोक!"

"तू कुठं मांगून राहिला? मी मांगून राहिली."

आणि भरल्या दुकानात म्हातारीने काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी पदर पसरला आणि माझ्यापुढे मान खाली घातली. "माय, माझ्या लेकराले अंगावर घालाले काही दे."

बाबूंचे आदल्या दिवशीचे पैसे मी गल्ल्यातून काढून त्यांच्यासमोर ठेवले. ते घेईनात. मी म्हटलं, "हे इथे राहिले तर सूट विकतचा होतो, बाबू. उचला." त्यांनी उचलले. मग मी सूट म्हाताऱ्या आजींच्या पदरात घातला.

आजींनी पदराची गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दोघायच्या बारशाले नवे कपडे मीच घेतले होते. नागपूरचे. याच हातानं."

पायरीवर उभी असलेली सुनंदा आत आली आणि सासूचा हात धरून उभी राहिली. इतकी वर्षं एका घरात राहून, सासूने त्या कपड्यांचं असं मनाला लावून घेतलंय हे तिला ठाऊक नव्हतं, ते तिच्या तोंडावरून कळत होतं. माझे डोळे भरून आले. मी उगाच फ्रॉकच्या घड्या नीट करत बसले.

सासू-सुना गेल्या. बाबू तिथेच, हातात त्या नोटा. जरा वेळाने त्यांनी वर टांगलेल्या एका फ्रॉककडे बोट दाखवलं. "हा काढा. तुमच्या मुलीला. माझ्याकडून."

"अहो, दुकान माझंच आहे."

"म्हणून काय झालं? मी गिऱ्हाईक आहे. मला द्यायचा आहे." नोटा काउंटरवर ठेवून ते तडक ऑफिसकडे निघाले. भाव विचारला नाही की शिलाई बघितली नाही. दुकानातला फ्रॉक दुकानदारणीच्याच पोरीसाठी विकला गेला, असं माझ्याकडे आधीही कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही.

तान्ह्या पोळ्याला धोंडू आमच्या गल्लीत आला. अंगात निळा बाबासूट, गुडघ्यावर माझ्या पोरीने केलेला डाग तसाच. आजींनी तो धुऊ दिला नव्हता. लाकडी बैल ओढत तो प्रत्येक दारात उभा राहिला आणि कोणी हाकललं नाही. त्याने माझ्याकडूनही बोजारा वसूल केला.

या प्रकारानंतर मी दुकानात एक खुर्ची वाढवली. जोडपं आलं की आधी विचारायची, "घरी म्हातारं माणूस आहे का? असेल तर घेऊनच या, इथे बसवू." काही जण चिडायचे. पण परत येणारा माल जवळजवळ बंद झाला. लहान मुलाचा कपडा घ्यायला दोघं येतात, पसंत करणारं तिसरंच कोणी घरी बसलेलं असतं.

दोन वर्षांनी धोंडूचं पाचवं वर्ष संपलं. त्याच आठवड्यात गावंडे आजी आल्या, एकट्याच. खुर्चीवर बसल्या, कनवटीची पुरचुंडी काढली आणि म्हणाल्या, "इकत घ्याचा हाय. कोरा करकरीत दाखव." मी कपाट रिकामं केलं. त्यांनी सात सूट उलटे करून पाहिले, प्रत्येकाची शिवण ओढली, कापडाला नावं ठेवली, नागपुरात हे याच्या अर्ध्या भावात मिळते म्हणाल्या. रुसून दोनदा पायरी उतरल्या, दोनदा परत चढल्या. शेवटी मी पडेल भावात दिला. त्या पीसवर मला एक पैसा सुटला नाही.

मी हसतच बिल केलं. नवीन दुकानदारांना मी एवढंच सांगते, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकावर रागावू नका. जे घासाघीस करत नाही, त्याची काळजी करा.