डोक्यावर गेलेला गडगा

माझा धाकटा भाऊ गोव्यातली हॉटेलची नोकरी सोडून धामापूरच्या घरी आला, तेव्हा आईने आधी काय केलं, तर त्याचं तोंड हुंगलं. "दारूचो वास येणा नाय गो," ती मला म्हणाली. झालं, आम्ही दोघी निर्धास्त. मी शाळेत शिकवते, दरवर्षी मुलांना व्यसनमुक्तीची शपथ देते. माझ्या लेखी व्यसन म्हणजे दारू, नाहीतर गुटखा. कपाळ माझं.

तो वाळला होता, हे दिसत होतं. ताटातला बांगडा तसाच राहायचा. आईला वाटलं, उपास धरला असेल. झोप नाही, बोलणं संपत नाही, दात सारखे करकर वाजायचे. मित्रांना भेटायचं म्हणून मधूनच गोव्याला जाऊन यायचा. पण उत्साह काय विचारता. परसाचा पडका गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, त्याने गडी न लावता तीन दिवसांत रचला. वाडीतली माणसं बघून जायची आणि मी मिरवायची, "बघा, माझो भाव."

गडगा कमरेएवढा हवा होता. तो डोक्याच्या वर गेला.

"इतको उंच कित्याक रे?" मी विचारलं.

"रस्त्यावरसून माणसा बघतत माका."

रस्ता रिकामा होता. "तुका कोण बघतलो? मोठो मंत्री लागून गेलो," म्हणून मी हसले. तो हसला नाही. तेव्हाच त्याला दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी चहा ठेवायला आत गेले.

चौथ्या दिवशी सकाळी तो छाती धरून गडग्यापाशीच बसला. कणकवलीच्या डॉक्टरांनी विचारलं, जेवतो का, झोपतो का, कोणी पाळतीवर आहे असं म्हणतो का. एकेका प्रश्नाला मी मान हलवत गेले. नशेची पावडर घेत असणार, ते म्हणाले. हृदयाला सोसलं नाही. दुपारी तो गेला. एकोणतीस वर्षांचा होता.

तेराव्यानंतर आई म्हणाली, "तो गडगो खाली कर गो. माका रस्तो दिसाक होयो." स्टुलांवर चढून आम्ही दोघी दगड उतरवू लागलो. वरच्या थरातला एक चिरा दोघींनी जोर लावला तरी हलेना. तो त्याने एकट्याने, उपाशी पोटी वर चढवला होता, आणि खाली उभी राहून मी त्याला शाबास म्हटलं होतं.