शुभेच्छुकांच्या शेवटच्या रांगेत

मार्केट यार्डाजवळ माझं फ्लेक्सचं दुकान होतं. कुणा ना कुणा भाईचा वाढदिवस असायचाच. खालच्या शुभेच्छुकांच्या फोटोंवरून मी टोळी ओळखायचो. हात जोडलेले मंडळवाले, त्यांची दादागिरी वर्गणीपुरती. गॉगलवाले नुसते कट्ट्यावरचे. पण कानाला मोबाइल लावून भलतीकडे बघणारे आले, की मी गप मान खाली घालून काम करायचो.

अशाच एका फ्लेक्सच्या फोटोंत माझा मुलगा निघाला. कानाला मोबाइल. आयटीत जावा म्हणून त्याला कॉम्प्युटर क्लासला घातला होता! मी त्याचा फोटो शेवटच्या रांगेत नखाएवढा करून टाकला. दुसरं काय होतं माझ्या हातात?

पुढच्या वर्षी तो स्वतःच दुकानात आला.

"पप्पा, या वेळी फोटो मोठा करा. आता तेवढं केलंय मी."