नोट आधी सांगायची, मग दाखवायची

किस्से सगळ्याच मंडळींत घडतात. बहुतेक ठिकाणी ते सांडून जातात, काही ठिकाणी मात्र साठत राहतात. आमची मंडळी मुळातच साठवणारी. आधी आम्ही देशोदेशींच्या नोटा साठवल्या, मग त्या नोटांवरून झालेली भांडणं! मी इतिहास शिकवते, त्यामुळे ऐकीव गोष्ट पुराव्याशिवाय पुढे पाठवण्याची मला सवय नाही. इथे सांगते त्या प्रत्येक प्रसंगाला मी स्वतः हजर होते, एवढी हमी पुरेशी समजावी.

आम्ही चौघं. अकोल्याचे वकीलसाहेब, ज्यांनी आयुष्यभर जमिनीच्या वाटण्यांचे दावे लढवले आणि ज्यांचा संग्रह पाहून मुंबईचे संग्राहकसुद्धा खुर्ची पुढे ओढतात. अमरावतीचे गुरुजी, पौरोहित्य करणारे. लग्नाचा मुहूर्त आणि रविवारची बैठक एका वेळी आली तर मुहूर्त सरकवणारे. पुष्पाबाई, यांचा शहराबाहेर मळा आणि अमरावतीतच राजापेठेत भाजी-फुलांचं दुकान. गिऱ्हाइकांची मुलं परदेशातून आली की खिशात उरलेली नोट पुष्पाबाईंकडे पोचते. आणि चौथी मी. एक बैठक राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत, पुढची अकोल्याला वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात.

*

राजापेठेतल्या कुणी शेजाऱ्यानं एकदा पोलिसांत कळवलं, "वरच्या खोलीत चार जण दार लावून नोटा पाहत बसतात." तक्रारीतला प्रत्येक शब्द खरा होता!

एक तरुण शिपाई वर आला. वकीलसाहेबांनी काही न बोलता झिम्बाब्वेची शंभर ट्रिलियनची नोट त्याच्या पुढ्यात ठेवली. तो शून्यं मोजू लागला, मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून लागला.

"चौदा आहेत," मी सांगितलं.

"बाप्पा! याच्यात येत काय होतं, साहेब?"

"सकाळी पाव येत होता," वकीलसाहेब म्हणाले. "संध्याकाळचं सांगता येत नाई."

शिपायाचं लक्ष आता चित्राकडे गेलं. एकमेकांवर टेकलेले प्रचंड खडक. ते कुणी रचलेले नाहीत, मी खुलासा केला. झिजत झिजत तसे उरले आहेत आणि केवळ तोलावर उभे आहेत. त्या देशाला त्यांचा फार अभिमान आहे.

तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मी धारणीकडचा. आमच्या घाटात असे दगड दिसले का जीपवाला आधी सवाऱ्या खाली उतरवते. अन् यायनं नोटेवर छापले!"

*

वकीलसाहेबांच्या डोळ्यांचं दुखणं त्याच सुमारास सुरू झालं. दृष्टीचा मधला भाग विरत चालला, कडा शाबूत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही.

वकीलसाहेबांनी ही बातमी आम्हाला नोटेच्याच भाषेत दिली. "राजे, राण्या, राष्ट्रपती, सगळे गेले. आता फक्त वेलबुट्टी दिसते." आणि लगेच पुढे, निकाल वाचावा तसं: "ज्या दिवशी वेलबुट्टीबी दिसणार नाई, त्या दिवशी सगळा संग्रह तुमच्यात वाटून टाकीन. आंधळ्याच्या घरी आरसा कशाले?"

त्यांच्या शब्दाला पक्षकारच काय, विरुद्ध पक्षही मान देई. संग्रह गेला तर मंडळी मोडणार, हे उघड होतं. आणि रविवार गेला तर त्या घरात वकीलसाहेबांना काय उरणार, याचा उच्चार करण्याचं धैर्य आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

पुढच्या बैठकीत गुरुजींनी नवा नियम मांडला. "पूजेत आधी संकल्प सांगतात, मग हात लावतात. तसं आजपासून नोट आधी तोंडानं सांगायची, मग दाखवायची."

"हे कोनासाठी?" वकीलसाहेबांनी रोखून विचारलं.

"मॅडमसाठी. त्यायची स्मरणशक्ती कमी होऊन राहिली."

मी तो आरोप निमूटपणे सहन केला आणि पहिली नोट सांगायला घेतली. लांबी, रुंदी, कागद, जलचिन्ह, छपाईची पद्धत, डावीकडून उजवीकडे तपशील. मला वाटतं, ते वर्णन निर्दोष होतं.

वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमी पंचनामा करून राहिल्या. मले मुडदा नको, माणूस दाखवा!"

*

गुरुजींना हा दोष कधीच लागला नाही. त्यांच्या वाट्याला कूक बेटांची तीन डॉलरची नोट आली. हो, तीन! त्यांनी ती दोन्ही हातांत धरली आणि डोळे अर्धे मिटून सुरुवात केली.

"देवी हाय. वाहन मासा. साधा मासा नाई, मगरीले भारी पडणारा. हातात श्रीफळ."

"गुरुजी, ती देवी नाही," मी म्हणाले. "तिथली लोककथा आहे. एक मुलगी शार्कच्या पाठीवर बसून समुद्रापलीकडे प्रियकराला भेटायला निघते. वाटेत तहान लागते, म्हणून नारळ शार्कच्याच डोक्यावर आपटून फोडते."

"नारळ फोडला ना?"

"फोडला."

"प्रवासाच्या आरंभी?"

"मध्यावर."

"चालते. शास्त्रात सवलत हाय."

वकीलसाहेब पुढे वाकले होते. त्यांना चित्र हवं होतं, वाद नको होता. "गुरुजी, मुद्रा सांगा."

"प्रसन्न."

"केस?"

"मोकळे."

"वस्त्र?"

गुरुजी थांबले. नोटेकडे पाहिलं, पुष्पाबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहण्याचं कटाक्षानं टाळलं. मग स्वच्छ, गंभीर आवाजात म्हणाले, "समुद्राचा प्रवास हाय, वकीलसाहेब. वलं कशाले करा!"

*

ब्रह्मदेशात एकेकाळी पंचेचाळीसची आणि नव्वदची नोट निघाली होती. तिथल्या हुकूमशहाला नऊ हा आकडा शुभ वाटे; पंचेचाळीसचे अंक मिळवले की नऊ, नव्वदचेही नऊ. कारण म्हणून सर्वत्र हेच सांगितलं जातं. मी "सांगितलं जातं" या शब्दांवर जोर दिला. गुरुजींनी दिला नाही. त्यांना पहिल्यांदाच असा राज्यकर्ता भेटला होता, ज्यानं अर्थमंत्र्याऐवजी ज्योतिषाला विचारलं!

"राजा जाणकार होता," ते म्हणाले.

"जाणकार?" पुष्पाबाई उसळल्या. "गुरुजी, पंचेचाळीसची नोट घेऊन बाई आली, सतराचे वांगे घेतले. तुमी दुकानावर बसा अन् सुट्टे द्या. बसता का?"

गुरुजींनी हिशेब सुरू केला आणि सोडून दिला.

"तरी तिथला बाजार चालला ना," वकीलसाहेब कौतुकानं म्हणाले. "भाजी विकली गेली, पोरं जेवली. त्या बाया कमालच म्हणा!"

"कमाल त्यायची," पुष्पाबाई म्हणाल्या, "अन् नाव झालं नवग्रहाचं."

*

युरोच्या नोटांवरचे पूल मुळात कुठेच नव्हते. एका देशाचा खरा पूल छापला असता तर दुसरा रुसला असता, म्हणून चित्रकारानं प्रत्येक काळाच्या शैलीतले काल्पनिक पूल काढले. पुढे नेदरलँड्समधल्या एका गावानं ते सगळे पूल, नोटेवरच्याच रंगांत, खरोखर बांधले! ही माहिती मी तपासून घेतली आहे. नोटेवरच्या चित्राला इतका मान एखादं गाव देतं, याचं मला आजही नवल वाटतं.

वकीलसाहेबांना मात्र पटेना. त्यांनी मला दोनदा पुन्हा सांगायला लावलं.

"म्हणजे पूल आधी कागदावर होता?"

"हो."

"अन् मंग नदीवर आला?"

"कालव्यावर. पण आला."

"मॅडम," ते हात जोडून म्हणाले, "आपल्याकडं तो कागदावरून खाली उतरतच नाई. त्या गावाचा सरपंच कोन हाय, जरा पाहा!"

*

आफ्रिकेतल्या झाईरची नोट मी आणली होती. तिथली राजवट उलथली. नव्या सरकारकडे नवा पैसा छापण्याइतका वेळ नव्हता, म्हणून जुन्याच नोटांमधून हुकूमशहाचा चेहरा तेवढा गोल कापून काढला आणि भोक पडलेली नोट चलनात ठेवली, अशी कथा आहे. माझं मत राखून ठेवते. असल्या नोटा संग्राहकांसाठी मागाहून व्यापाऱ्यांनीच कापल्या, असंही म्हणणारे आहेत, आणि निर्णायक पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

या वेळी मी पंचनामा टाळला. "वकीलसाहेब, एक माणूस होता. टोपी, कोट, सगळं जागच्या जागी असावं असा. आता कोट आहे. मागची नक्षी आहे. कडेला बिबट्या आहे. आणि जिथे चेहरा, तिथे आरपार भोक."

त्यांनी नोट डोळ्यांसमोर धरली. पापणी न हलवता पाहत राहिले. खोलीत आम्ही तिघंही अवघडलो होतो. ही नोट आणायला नको होती असं मला वाटू लागलं होतं.

आणि ते एकदम हसले, खुर्ची हलेपर्यंत. "कोनती नोट खरी अन् कोनती मागून कापलेली, त्याचा वाद तुमी घाला, मॅडम! मले तं सगळ्या देशाच्या नोटा आजकाल अशाच दिसून राहिल्या. या एका देशानं तेवढं प्रामाणिकपणानं छापलं!"

*

मग कडाही गेल्या.

वकीलसाहेबांनी स्वतः फोन केला. "रविवारी अकोल्याले या. पिशव्या घेऊन या." कशासाठी ते सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. एसटीत गुरुजी आणि मी शेजारी बसलो होतो. अमरावती ते अकोला या प्रवासात गुरुजी गप्प राहिल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. पुष्पाबाई दुकान उरकून मागच्या गाडीनं येणार होत्या.

दिवाणखान्यात टेबलावर सगळे अल्बम मांडलेले. वकीलसाहेब पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, तारखेला निघाल्यासारखे ताठ. आफ्रिका आणि आशिया माझ्याकडे, कारण मी शिकवते. बेटं गुरुजींकडे. युरोप-अमेरिका पुष्पाबाईंकडे, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांची मुलं तिकडची. वाटणी त्यांना तोंडपाठ होती.

"वकीलसाहेब, थोडं थांबू," गुरुजी म्हणाले.

"शब्द दिला होता. पुष्पाबाई आल्या का सुरू करू."

पुष्पाबाई आल्या. घाम पुसला, पाणी प्यायल्या, मांडलेले अल्बम पाहिले. त्यांनी पिशवी आणली नव्हती. म्हणाल्या, "आधी माझी नोट. नियम हाय."

"आज नोट आनली?" वकीलसाहेब आवाजाच्या दिशेला वळले. "सांगा."

पुष्पाबाईंनी कनवटीला हात घातला आणि एक नोट काढून गुडघ्यावर पसरली. वकीलसाहेब सोडून आम्हा सर्वांना ती दिसत होती. आपली, चालू, दहा रुपयांची नोट. तशी एक तरी त्या क्षणी माझ्याही पर्समध्ये असणार.

"मागून सांगते," पुष्पाबाई म्हणाल्या. "रंग चॉकलेटी. मधात चाक हाय, दगडाचं. गाडीचं नाई, देवळाचं. आरे एक जाड, एक बारीक, एक जाड, एक बारीक. अन् जाड आऱ्यावर गोल गोल नक्षी, त्या गोलातबी काहीतरी कोरेल. कोन्या कारागिरानं जिंदगी घातली असन त्याच्यात."

"फिरणारं चाक?"

"उभंच हाय. पन पाहिलं का फिरल्यासारखं वाटते."

"अजून?"

"बाजूले अक्षरं. एकाखाली एक, एकाखाली एक. सगळ्या येगयेगळ्या भाषा. कोनती गोल गोल, जिलेबीवानी. कोनती डोक्यावर रेघ घेतलेली. एक उलट्या बाजूनं वाचायची."

"एका नोटेवर इतक्या भाषा?" वकीलसाहेब पुढे सरकले. "देश कोनता?"

"मोठा हाय जी. मानसं लय हायेत. भांडतात लय. पन नोट एकच चालवतात."

"आना इकडं."

त्यांनी ती हातात घेतली. अंगठा फिरवला. नोट वापरून वापरून कापडासारखी मऊ पडली होती. मग नाकाशी नेली. पुष्पाबाईंच्या दुकानातल्या कोथिंबिरीचा, आमच्याकडच्या सांबाराचा, वास मला टेबलापलीकडे येत होता.

"त्यायच्या देशात सांबार चांगला होत असन," वकीलसाहेब म्हणाले.

"बारमाही," पुष्पाबाई म्हणाल्या.

"मॅडम." त्यांनी माझ्या दिशेनं मान वळवली. "तुमी तपासलं? वर्णनात काही चूक?"

मी खरोखर शोधली. चाक, आरे, लिप्या, देश, माणसं, भांडणं, एकेक शब्द ताडून पाहिला.

"एकही नाही," मी म्हणाले.

"गुरुजी, ही माझ्या अल्बमात हाय का?"

गुरुजींनी पानं उलटायला घेतली. अल्बमामागून अल्बम उलटले. "नाई, वकीलसाहेब. खरंच नाई."

वकीलसाहेब खुर्चीत मागे रेलले आणि उलटतपासणी संपल्यासारखं म्हणाले, "मंग आज वाटणी कशी होईन? अर्धवट इस्टेटीच्या वाटणीचा दावा टिकत नाई. उचला ते अल्बम, ठेवा कपाटात."

आम्ही उचलले. शेवटचा अल्बम कपाटात जाईपर्यंत ते ती नोट बोटांत घोळवत होते.

"अन् पुष्पाबाई," ते म्हणाले, "या देशाची वीसची अन् पन्नासचीबी निघते म्हनतात. कुठं भेटली तं आनजा."