बिनखुणेची छिन्नी

मी गाव सोडलं तेव्हा बाबा भट्टीवरून उठलेसुद्धा नाहीत. आई पायरीवर भाकऱ्यांचं फडकं घेऊन उभी होती, धाकटी बहीण रडत होती, आणि बाबा आपले एका फाळावर घण घालत बसले होते. मी पाया पडायला वाकलो तेव्हा त्यांनी फाळ निखाऱ्यात परत सारला आणि विचारलं, "थंय भट्टी आसा मां?" मी म्हटलं, आसा. "मगे जा." झालं. एवढ्यावर मी कणकवलीची एसटी पकडली. गिरण्यांचा मोठा संप झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट.

आमच्याकडे काम आटलं होतं ते का, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कणकवलीच्या बाजारात तयार कुदळी, हातोडे, छिन्न्या टांगलेल्या दिसायच्या, मुंबईच्या एका कंपनीच्या. चुलतभाऊ नानूदादा त्याच कंपनीत मुख्य लोहार होता. म्हणजे माझ्या बापाची भट्टी ज्यांनी थंड केली त्यांच्याच भट्टीवर मी निघालो होतो. हे मला तेव्हाही कळत होतं. पोटासाठी माणूस बऱ्याच गोष्टी कळून न कळल्यासारख्या करतो.

हे लिहितोय ते गावात राहिलात त्या तुमच्यासाठी, आणि पुढे कंपनीबरोबर गुजरातला गेलात त्यांच्यासाठीही. माझी शाळा चौथीपर्यंत. नातीने वही दिली आणि म्हणाली, आजोबा, नुसते चिडू नका, लिहून काढा. चिडायचं कारण असं की कंपनीने आपल्या पंचाहत्तर वर्षांचं एक पुस्तक काढलंय. चकचकीत कागद, रंगीत फोटो. गुजरातहून पुतण्याने पाठवलं. एकेक अक्षर लावत आठ दिवस वाचलं. मोठ्या शेठनी लढाईच्या काळात साकीनाक्याला पत्र्याच्या शेडमध्ये दोन भट्ट्या कशा लावल्या, ते आहे. पहिला हातोडा, पहिली परदेशी ऑर्डर, मंत्र्याच्या हातचं बक्षीस, सगळं आहे. आणि एक ओळ अशी आहे: "ऐंशीच्या दशकात कंपनीने आधुनिकीकरणाची वाट धरली." त्या एका ओळीत एका माणसाचा डोळा गेलाय. तो पुस्तकात नाही. म्हणून मी लिहितो.

मी आलो तेव्हा शेडमध्ये नऊ ऐरणी होत्या, नऊ लोहार. सात आपल्या बाजूचे, दोन घाटावरचे. मोठे शेठ म्हातारे झाले होते, तरी रोज धोतर सावरत भट्ट्यांमधून फेरी मारायचे. त्यांनी पहिल्या दिवसापासून एक पद्धत ठेवली होती. प्रत्येक लोहाराची आपली खूण. वस्तू तयार झाली की कंपनीच्या नावाखाली आपल्या पंचने, म्हणजे पोलादी ठशाने, ती मारायची. नानूदादाची चंद्रकोर होती. माझी दोन ठिपके आणि मध्ये तिरकी रेघ. बाजारातून एखादी वस्तू मोडून परत आली की फोरमन काही बोलायचा नाही. खूण बघायचा आणि ज्याची त्याच्या ऐरणीवर आणून ठेवायचा. मग बाकीचे आठ जण घण थांबवून ओरडायचे, "मेस्तांनू, पावणो इलो!" तो पाहुणा परत घडवून दिल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. माझ्या ऐरणीवर पहिल्या वर्षात तीन पाहुणे आले. पाचव्या वर्षी एकही नाही. मला याचा माज होता. होताच. डोळे बांधून माझी छिन्नी ओळखेन म्हणायचो.

छिन्नीचं एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. छिन्नी तापवून थंडात बुडवतात, त्याला आम्ही पाणी देणं म्हणतो. त्याने पोलाद कडक होतं. पण पाणी फक्त धारेला द्यायचं. डोकं, ज्याच्यावर हातोडा बसतो, ते मऊच राहिलं पाहिजे. डोकं कडक झालं तर हातोड्याखाली त्याची ढलपी उडते, आणि ती कुठे जाईल ते देवालाही ठाऊक नाही. म्हणून चिमट्यात धरून एकेक छिन्नी धारेपुरती बुडवायची. वेळ लागतो. लागू दे.

मोठे शेठ गेले आणि धाकटे शेठ बसले. शिकून आलेले, गोड बोलणारे. त्यांनी तेलाची मोठी टाकी आणली आणि तारेच्या टोपल्या. टोपलीभर छिन्न्या एकदम तेलात. आणि भिंतीवर कागद लावला की उद्यापासून वैयक्तिक खुणा बंद, सगळा माल एकसारखा दिसला पाहिजे. आमच्या पंच गोळा करून नेल्या. नानूदादा म्हणाला, "शेठ, टोपलीत डोकी पण कडक होतील." ते हसले. "नानू, जमाना बदलला. तेल आहे, पाणी नाही."

आता खरं लिहितो, कारण खोटं लिहायला नातीची वही कशाला नासवू. मी भांडलो नाही. मी रुसलो. माझी खूण नाही ना, मग वस्तू माझी नाही, मी कशाला जीव काढू? चिमटा खुंटीला टांगला आणि दुसऱ्यांपेक्षा जोरात टोपल्या भरू लागलो. ढीग लावले. नानूदादा एकदा कानाशी येऊन म्हणाला, "दत्ता, हात तुझोच आसा रे." मी म्हटलं, "शेठाक सांग." असे तीन-चार महिने गेले. तेवढे महिने मी जे केलं ते काम नव्हतं, सूड होता. आणि सूड कोणावर, तर ज्याला कधी बघितलंही नाही त्याच्यावर.

एका सोमवारी गेटवर एक माणूस आला. गोराईचा. त्याचा भाऊ इनास दगडकाम करायचा, डोक्यावर घमेलं घेऊन कामामागे हिंडणारा. त्याच्या उजव्या डोळ्यात छिन्नीची ढलपी घुसली होती. डोळा काढावा लागला. भावाने ती छिन्नी रुमालात बांधून आणली होती. धाकट्या शेठनी ती हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाले, "आमचा माल सगळ्या देशात जातो. त्याने कशी वापरली काय माहीत. आणि आमच्या कोणत्या माणसाने बनवली, तुम्ही सांगू शकता?" तो बिचारा छिन्नी उलटीपालटी करून बघत राहिला. काय सांगणार? जिथे खूण असायची तिथे गुळगुळीत पोलाद.

त्या दुपारी नऊ जण डबे उघडून बसले आणि कोणी जेवलं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे बघत होता. आधी असतं तर फोरमनने छिन्नी आणून एकाच्या ऐरणीवर ठेवली असती. त्याची मान खाली गेली असती, पण बाकीच्या आठांची सुटली असती. आता नऊच्या नऊ माना अडकल्या होत्या. घाटावरचा तुकाराम म्हणाला, "माझी नसणार." नानूदादा त्याच्या अंगावर गेला. "नसणार काय? म्हण नाही! म्हणून दाखव!" तुकाराम म्हणू शकला नाही.

रविवारी मी कानस खिशात टाकली आणि बोटीने गोराईला गेलो. इनास पडवीत बसला होता, डोळ्यावर पट्टी. माझ्याच वयाचा. बायको मासळी वाळत घालत होती. तिचं नाव सिसिल, ते पुढे कळलं. मी म्हटलं, छिन्नी बघू. त्याने दिली. मी डोक्यावर कानस ओढली. कानस चावली नाही, काचेवरून सरकावी तशी सरकली. म्हणजे डोकं कडक. टोपलीतली. पण टोपली कोणाची? मी घडण बघितली, धारेचा उतार बघितला, बोटांनी चाचपली. डोळे बांधून ओळखणारा मी, उघड्या डोळ्यांनी मला माझा हात ओळखता आला नाही.

मी म्हटलं, "माझी आहे."

इनासने छिन्नी माझ्या हातून परत घेतली. मग म्हणाला, "कंपनीशी आयलास?"

"कंपनीत आहे. कंपनीने पाठवलं नाही."

"मंग तुजी कशी? काय लिवलंय तिच्यावर?"

मी खुणेचं सांगितलं, पंच काढून घेतल्याचं सांगितलं. जसजसा सांगत गेलो तसतसा त्याचा चेहरा दगड होत गेला. सिसिल हात पुसत पुढे आली. "समजलं गं बाय मला! एका गरिबाच्या गल्यात घालायचं नि शेठनं सुटायचं. म्हनून पाठवलाय याला." मी शपथ घेतली. ती म्हणाली, "शपथ नको घालू. तुजी खून दाखव, मंग ये."

चूक कबूल करायला गेलो आणि कबुलीसुद्धा कोणी घेईना. त्या दिवशी मला कळलं, शेठनी माझ्याकडून काय नेलं होतं. खूण माझ्या शाबासकीसाठी असते असं मी समजत होतो. ती शिवी माझ्यापर्यंत पोचायची वाट होती. आणि रुसून मी स्वतःच त्या वाटेवर माती टाकली होती. गुजरातवाल्यांनो, हे पुस्तकात शोधू नका.

दुसऱ्या दिवशी मी खिळ्याचा तुकडा घासून पंच केली, टोपली लाथेने बाजूला सारली आणि एकेक छिन्नी चिमट्याने धारेपुरती बुडवून तिच्यावर दोन ठिपके, तिरकी रेघ मारली. दिवसभरात दुसऱ्यांच्या पाव हिश्श्याएवढं काम झालं. संध्याकाळी फोरमन म्हणाला, "दत्ताराम, वेडा झालास काय यार, घरी बायको-पोरगी आहे." तिसऱ्या दिवशी धाकट्या शेठनी बोलावून कामावरून काढलं. मी जाताना म्हटलं, माझ्या खुणेच्या तेवढ्या छिन्न्या बाजारात जाऊ देत. त्यांनी त्या भंगारात घातल्या. तीही गोष्ट पुस्तकात नाही.

कंपनी काही वर्षांनी गुजरातला गेली. नानूदादाही गेला. मला सगळ्यांनी सांगितलं, गावाला परत जा, बापाची भट्टी आहे. मी गेलो नाही. साकीनाक्यालाच नाल्याकडच्या गल्लीत भट्टी लावली. छिन्न्या, पाथरवटांच्या टाक्या, पहारी. प्रत्येकीवर खूण. तीन वेळा खुणेची छिन्नी घेऊन गोराईला गेलो, तीनही वेळा सिसिलने पडवीवर चढू दिलं नाही, भट्टीचा पत्ता अंगणातूनच सांगून आलो.

मग एक दिवस भर दुपारी, गल्लीत सगळी दुकानं उघडी असताना, इनास आला. एका डोळ्याने बोर्ड वाचत वाचत. काम त्याने सोडलं नव्हतं. हातात छिन्नी होती, मालाडच्या एका दुकानातून घेतलेली. माझ्यासमोर ती ऐरणीवर आपटली.

"दोन ठिपके, एक रेग. तुजीच ना ही?"

"माझीच."

"मंग बग काय केलंस! दोन दिसांत धार मुडली. ह्याला काय छिन्नी बोलतात? लोनी कापू का हिने?"

सगळी गल्ली ऐकत होती. समोरचा वेल्डिंगवाला हसत होता. मी म्हटलं, बस. तो बसला नाही. मी धार परत तापवली, ठोकली, पाणी दिलं, तो तेवढा वेळ माझ्या डोक्यावर उभा राहून बडबडत होता आणि मी ऐकत होतो. डोकं मऊ आहे का ते त्याने स्वतः बघितलं. मग निघून गेला. पुढच्या महिन्यात दुसरी छिन्नी घ्यायला आला.

त्या माणसाला डोळा परत मिळाला नाही आणि ती ढलपी माझी होती का, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. त्यासाठी मी धाकट्या शेठना माफ केलं नाही, आणि स्वतःलाही नाही. गाववाल्यांनो, तुम्ही दर मे महिन्यात विचारता, दत्ता, घराक कधी येतलस? तुमच्या बाजारात आता माझ्या हातची एकही वस्तू नाही. तिथे कोणाचं काही मोडलं तर माझं नाव कोण घेणार? इथे घेतात. या गल्लीत माझ्या नावाने तोंड सोडत माणूस आत येतो आणि मी मान वर करून म्हणतो, होय, माझीच, दाखव. मी घरीच आहे.